फाटलेली बावीस पानं

आमच्या इंग्रजीच्या सरांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. गावात हे कुणाला माहीत नव्हतं, कारण त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकेल असं गावात कुणी नव्हतंच. आणि ज्याला काळ येतात त्याला इंग्रजी येतं, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. काळ तर सरांना असे येत की विचारू नका. कुठलंही क्रियापद त्यांच्या हाती द्यावं. ते बाराही काळांतून फिरवून, नकारार्थी करून, प्रश्नार्थी करून, लख्ख घासून तुम्हाला परत देत.

सानगडीपासून दोन कोसांवर आमचं गाव. एक मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीला लागून कौलारू हायस्कूल. सर मुळात तिथल्या प्राथमिक विभागातले. मॅट्रिक होऊन मास्तरकीचं ट्रेनिंग केलेले. नागपूरहून आलेले इंग्रजीचे सर एक पावसाळा कसाबसा काढून निघून गेले, तेव्हा हेडमास्तर यांना म्हणाले, "नवा माणूस येईपर्यंत महिनाभर तुम्ही सांभाळा." तो महिना अकरा वर्षं चालला.

उंच, किडकिडीत अंगकाठी. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, बगलेत बाराही महिने काळी छत्री. चालताना उजव्या हाताचा अंगठा सतत बोटांच्या पेरांवरून फिरत असे. नवख्या माणसाला वाटे, सर जप करताहेत. सर काळ मोजत असत. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाले बारा. पहिलं बोट साध्या काळाचं, दुसरं चालू, तिसरं पूर्ण, करंगळी चालू-पूर्ण. खालचं पेर भूतकाळ, मधलं वर्तमान, वरचं भविष्य.

"देवानं हात काहून दिला?" ते वर्गात विचारत.

"टेन्ससाठी जी!" आम्ही एका सुरात ओरडत असू.

रस्त्यात भेटले की ते कुठे चाललीस असं विचारत नसत. "काय करून राहिली, बेटा?" असं विचारत आणि उत्तर इंग्रजीतच द्यावं लागे. त्यामुळे आमच्या गावात म्हशीमागे चाललेलं पोरगं "आय अ‍ॅम ग्रेझिंग बफेलो" म्हणून पुढे जाई आणि डोक्यावर पाण्याची गुंडी घेतलेली पोरगी "आय अ‍ॅम ब्रिंगिंग वॉटर" म्हणून थांबे, पाणी हिंदकळू न देता. उत्तर बरोबर असलं तर सर मान हलवत. चुकलं तर तिथेच, भर रस्त्यात, दहा वेळा म्हणवून घेत. मग तोवर म्हैस कुणाच्या का धानात शिरेना.

त्यांचं सगळं इंग्रजी एका पुस्तकातून आलेलं होतं. इंग्रजीचा वर्ग गळ्यात पडला त्या आठवड्यात ते तुमसरला गेले होते. तिथल्या बाजारात एक किराणावाला एका जुन्या व्याकरणाची पानं फाडून पुड्या बांधत होता. सरांनी त्याच्या हातातून ते अक्षरशः ओढून घेतलं. तोवर पहिली बावीस पानं गेली होती. कुणाकुणाच्या घरी जिरं-मोहरी घेऊन गेली असतील. तेविसाव्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा होता, टेन्सेस. सरांनी त्या पुस्तकाला जाड खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि इंग्रजी भाषा काळांपासून सुरू होते असं मानून ते शिकले, आणि आम्हालाही तसंच शिकवलं.

त्या बावीस पानांत काय असेल याचा त्यांनी विचार केला नाही असं नाही. एकदा वर्गात मीच विचारलं होतं, "सर, धड्यात हे सारखं 'द' 'द' येते, ते काय आहे जी?"

सरांनी धड्यावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ते शोभेचं आहे, बेटा. भाजीत वरून सांबार टाकते ना, तसं. टाकलं तर बरं दिसते. नाही टाकलं तरी भाजी भाजीच राहते." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आम्ही ते मनावर घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं बिनसांबाराचं इंग्रजी लिहीत राहिलो.

धानाच्या लावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात. रोवण्याच्या दिवसांत वर्गातल्या निम्म्या मुली गायब असत. मी आठवीत होते त्या वर्षी सर आमच्या घरी आले. ओसरीवर उभ्या उभ्याच बाबांना म्हणाले, "पोरगी चार दिवसांपासून नाही दिसून राहिली."

बाबा म्हणाले, "कशी येईन सर? रोवणा सुरू आहे. माणसं नाही मिळून राहिले. पंधरा दिवस तरी नाही जमत."

"मंग नोका पाठवू," सर म्हणाले. "मीच येतो."

बाबांना वाटलं, रागाने बोलले. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर खरंच आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर छत्री, चिखलात पाय. समोर आम्ही बारा-पंधरा बायका-मुली, ओळीने वाकून रोवत असलेल्या.

"आय प्लांट!" सर ओरडले.

मी लाजेनं मान वर केली नाही. पण शेजारच्या ओळीतली माझी वर्गमैत्रीण ओरडली, "आय प्लांट!" मग मीही. सरांचा आवाज आणि आमचे हात यांची लय हळूहळू जुळली. एका शब्दाला रोपांची एक चूड, एका काळाला एक पाऊल मागे. बाकीच्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी त्याही म्हणू लागल्या. माझी माय तर अंगठाबहाद्दर, पण तिचाच आवाज सगळ्यांत मोठा. एकदा ती रोवता रोवता कंबर सरळ करून म्हणाली, "सर, 'प्लांटेड' बी लावलं आन् 'हॅव प्लांटेड' बी लावलं. मंग दोन कायले पाहिजेत?"

तो प्रश्न आम्हा कुणाला कधी पडला नव्हता. सरांचा अंगठा पेरावर थांबला. मग ते म्हणाले, "प्लांटेड म्हणजे लावलं. मांगच्या वर्षी लावलं असन, त्याच्या मांगं लावलं असन. झालं गेलं. हॅव प्लांटेड म्हणजे लावलं, आन् हात अजून ओले आहेत."

मायने आपल्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. पुढे मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, जाडजूड पुस्तकं वाचली. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. अजूनही श्रावणात त्या बाजूने बस जाते आणि बांध्यांमध्ये वाकलेल्या बायकांची रांग दिसते, तेव्हा मी खिडकीची काच सरकवते. ऐकू काही येत नाही. तरी सरकवते.

पाठ्यपुस्तकातल्या मराठीशी मात्र सरांचं भांडण होतं. पुस्तक म्हणे, 'मी जात आहे'चं भाषांतर करा. सर पुस्तक खाली ठेवून विचारत, "आपल्या गावात कोण म्हणते 'जात आहे'? तुही माय म्हणते?"

"नाही जी."

"काय म्हणते?"

"'जाऊन राहिली' म्हणते."

"हां! जाऊन राहिली. आय अ‍ॅम गोइंग. जाऊन राहिली होती, आय वॉज गोइंग. सारे काळ आपल्या घरीच आहेत, बेटा. इंग्रजाकून फक्त शब्द घ्याचे." असं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे, की जणू काही ते गुपित त्यांनीच जमिनीतून उकरून काढलं होतं. एका परीने तसं ते काढलेलंही होतं.

मी सातवीत असताना शाळेची तपासणी झाली. आलेले साहेब लांबचे, त्यांची मराठी पुस्तकासारखी. त्यांनी नेमकं मलाच उभं केलं आणि म्हणाले, "इंग्रजीत सांग. गावात जात आहे."

मी गोंधळले. 'जात' हा शब्द मला एकाच अर्थाने ठाऊक होता. शाळेत नाव घालताना फॉर्मवर तो असतो, त्याला इंग्रजीत कास्ट म्हणतात, हेही ठाऊक होतं. मी काळ तपासला, वर्तमान, साधा. आणि मोठ्याने सांगितलं, "देअर इज कास्ट इन व्हिलेज."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर पुढे आले, हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "वाक्य बरोबर आहे, साहेब. सत्यही आहे."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला, शिक्षक वर्गात ग्रामीण बोली वापरतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना शुद्ध मराठी समजत नाही. हेडमास्तरांनी तो सरांना वाचून दाखवला आणि ताकीद दिली. दुसऱ्या दिवसापासून सर वर्गात आधी "जात आहे" म्हणत, मग खिडकीतून पाळीकडे नजर टाकत आणि आवाज उतरवून म्हणत, "म्हणजे जाऊन राहिली."

सरांना इंग्रजी बोलता येत नाही हे मला कळलं ते नववीत, हिवाळ्यात. तलावाजवळ एक जीप येऊन थांबली. आत एक गोरा माणूस आणि त्याची बायको. गळ्यात दुर्बिणी. नवेगावच्या तलावाकडे निघालेले असावेत. ते काहीतरी विचारत होते आणि कुणाला काही समजत नव्हतं. दोघं-तिघं सरांना बोलवायला धावले. सर सदऱ्याची वरची गुंडी लावत आले. सगळं गाव त्यांच्यामागे.

गोरी बाई हसून म्हणाली, "हॅव यू सीन एनी क्रेन्स हिअर?"

सरांचा चेहरा फुलला. ते तिच्याकडे नाही, आमच्याकडे वळले. "ऐकलं? प्रेझेंट परफेक्ट! प्रश्नार्थी! हॅव पहिले आला! सीन, पाहा, सीन, तिसरं रूप!"

बाई वाट पाहत होती. तिने पुन्हा विचारलं, सावकाश. आता सरांनी तोंड उघडलं. अंगठा पेरांवर गेला. क्रेन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावं. ते विचारायचं तर वाक्य करावं लागणार, वाक्य करायचं तर काळ निवडावा लागणार. अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर जात राहिला आणि त्यांच्या कपाळावर थंडीत घाम आला. मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. शेवटी त्या गोऱ्या माणसाने दोन्ही हात पसरून पंखांसारखे हलवले आणि मान लांब केली. तेव्हा माझे बाबा म्हणाले, "सारस, सारस! तिकडं आहेत, पाळीच्या मांगं," आणि बोट दाखवलं. जीप तिकडे गेली.

लोक पांगले. सर तिथेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "बरोबर बोलली बाई. एकबी चूक नाही." त्यानंतर मी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत गेले.

मी मॅट्रिक झाले. भंडाऱ्याला नातेवाइकांकडे राहून कॉलेज केलं. तिथल्या प्राध्यापकांनी माझा पहिला निबंध वाचून विचारलं, "तुम्हा गावच्या मुलांचे काळ इतके अचूक, पण एकही आर्टिकल कसं नाही?" मला आर्टिकल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते शिकायला मला वर्ष लागलं. सुट्टीत गावी गेले की सरांना ते सांगावं असं मनात येई, पण जीभ उचलत नसे.

बी.एड. करून आले, तेव्हा आमच्याच शाळेत इंग्रजीची जागा निघाली. मुलाखत संस्थेच्या सेक्रेटरींच्या घरी झाली. ते म्हणाले, "वरून पत्र आलं आहे. इंग्रजीला प्रशिक्षित पदवीधरच पाहिजे. जुन्या सरांची सोय आम्ही पाचवीत करू. तुमची काही हरकत?"

घरी दोन धाकट्या बहिणी होत्या. बाबा सगळ्या गावाला सांगत फिरत होते की पोरगी मास्तरीण होणार. मी म्हणाले, "नाही." एवढाच शब्द.

जून महिन्यात शाळा उघडली. हेडमास्तर मला दहावीच्या वर्गाकडे घेऊन गेले. आत सर शिकवत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हेडमास्तर दारातून म्हणाले, "सर, तुम्ही आता पाचवी पाहा. दहावी या बाई घेतील." सरांनी माझ्याकडे पाहिलं. खडू ठेवला. फळा पुसणं हे मॉनिटरचं काम, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः पुसला, कोपऱ्यांपर्यंत. हात झटकले आणि मुलांना म्हणाले, "उभे राहा. बाईंना नमस्ते म्हणा." छत्री घेऊन बाहेर पडले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "सर, मले माहीत नव्हतं. शपथेनं. मले वाटलं नवीन जागा आहे."

सर म्हणाले, "हो, बाई. बसा तुम्ही. चहा घ्याल?"

त्या दिवसापासून मी 'बेटा'ची 'बाई' झाले. तू होते, तुम्ही झाले. ते कधी वाकडं बोलले नाहीत, कधी माझ्याबद्दल कुणाजवळ कुरकुरले नाहीत. पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी शिरले की ते उभे राहत, इतर बाईंसाठी उभे राहत तसे. मी दहावीला नव्या पद्धतीने शिकवायची, ओरडणं-घोकणं बंद. पलीकडून पाचवीचा आवाज येई, "गो-वेंट-गॉन". माझा वर्ग शांत असे आणि मी खडू हातात धरून ते ऐकत उभी राही.

काय करावं हे न कळून मी एक करू नये ते केलं. पुढच्या खेपेला नागपूरला गेले तेव्हा तेच व्याकरण, नवं कोरं, सगळ्या पानांसह विकत आणलं आणि त्यांना दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. त्यांची बायको हसून म्हणाली, "आता हे झोपेतबी बोलन." पुढचे आठ दिवस सर शाळेत आले नाहीत. बरं नाही असा निरोप होता. नवव्या दिवशी आले, माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "बाई, ते शोभेचं नव्हतं. सांबार नव्हतं ते. अकरा वर्षं मी पोरांले अर्धंच शिकवलं."

"असं नाही सर..." मी म्हणू लागले.

"असंच आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी त्यांनी सायकल काढली. एका वहीत जुन्या विद्यार्थ्यांची नावं, कोण कुठे राहतो, लिहून घेतलेलं. आणि तो सगळा उन्हाळा ते एकेकाच्या घरी जाऊन 'ए', 'अ‍ॅन' आणि 'द' शिकवून आले. हे मला ते सांगत बसले नाहीत. पुढे वर्षानुवर्षं लोकांनीच सांगितलं. लाखनीकडे दिलेली माझी ती रोवण्यातली मैत्रीण म्हणाली, "भर दुपारी सर दारात आले तेव्हा माझी सासू रडायलाच लागली, तिला वाटलं माझ्या माहेरी कुणी गेलं." सर म्हणाले, "कोणी नाही मेलं. पोरीचं थोडं राहून गेलं होतं." तिच्या मांडीवर बाळ होतं. सरांनी आपली छत्री पुढे धरली आणि विचारलं, "ए अंब्रेला का अ‍ॅन अंब्रेला?" तुमसरच्या राइस मिलमध्ये एकजण पोती वाहत होता. त्याला सर म्हणाले, "पोतं उतरव, बेटा, दहा मिनिटांचं काम आहे." एक जुना विद्यार्थी एस.टी.त कंडक्टर होता. सर त्याच्या गाडीत चढले आणि साकोलीपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहून शिकवत गेले. तिकिटं फाडता फाडता तो "द सन, द मून" म्हणत होता आणि सगळी गाडी ऐकत होती.

शाळा उघडली तेव्हा सर उन्हाने काळे पडले होते. वही माझ्यापुढे ठेवली. जवळजवळ सगळ्या नावांवर खूण होती.

"तिघं नाही सापडले," ते म्हणाले. "आन् हा एक वारला, दोन वर्षांमांगं. विहिरीत पडून. त्याच्या बापाले सांगून आलो."

"काय सांगून आलात?"

"ए, अ‍ॅन, द. बाप म्हणे, आता काय कामाचं जी? म्या म्हटलं, त्याचं राहिलं होतं."

मी वही मिटली. तेव्हाच ते म्हणाले, "आता मले बोलाचं शिकवा, बाई."

त्यानंतर दोन वर्षं, शाळा सुटल्यावर, आम्ही व्हरांड्यात समोरासमोर बसत असू. मी काही विचारायची, त्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर मनात तयार होईपर्यंत तलावावरून बगळ्यांचा एक थवा निघून जाई. वाक्य येई ते निर्दोष असे; पण तोवर बोलणं मेलेलं असे. मी म्हणायची, "चुका करा ना सर. चुकल्याशिवाय बोलता येत नाही."

"चूक कशी करू, बाई?" ते म्हणत. "चुकीसाठी म्या पोरांच्या हातावर पट्ट्या मारल्या." आणि पुन्हा अंगठा पेरावर.

पुढे माझं लग्न झालं. भंडाऱ्याच्या एका शाळेत नोकरी मिळाली आणि गाव सुटलं. सर रिटायर झाले. पत्र लिहावं असं अनेकदा वाटे, लिहिलं नाही. त्यांच्या पत्राची मात्र वाट पाहायची.

त्यांना शेवटचं भेटले ती दिवाळीची सुट्टी होती. धान कापणीला आलेलं. सर अंगणात खाटेवर बसले होते, फारच वाळलेले, गळ्याला मफलर. मला पाहून म्हणाले, "कम. सिट. यू आर फॅट नाऊ."

मी हसले. मग लक्षात आलं, मध्ये थांबा नव्हता. अंगठा हललाच नव्हता.

"सर! बोलू लागलात की!"

"बफेलो," त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. "डेली टॉकिंग. शी नॉट फाइंड मिस्टेक."

आणि मग आम्ही बोलत बसलो. इंग्रजीत. पाऊसपाण्याबद्दल, त्यांच्या खोकल्याबद्दल, माझ्या मुलीबद्दल. ते धडाधड चुकत होते, मध्येच हसत होते. त्या भाषेत बाई नव्हतं, बेटा नव्हतं, तू नव्हतं, तुम्ही नव्हतं. एकच 'यू' होता आणि तो त्या दिवशी आम्हा दोघांना पुरला. घरात त्यांची बायको चहा करत होती. भांड्यांचा आवाज येत होता.

मग सरांनी गळ्याचा मफलर सारखा केला. धानाकडे पाहत म्हणाले, "दॅट जून. आय अ‍ॅम क्रायिंग. मेनी डेज. वाइफ नॉट नो."

मला आधी चूक ऐकू आली. अर्थ नंतर आला.

इतकी वर्षं मी काय काय म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "सर, आय न्यू. दे आस्क्ड मी बिफोर. आय सेड ओके."

सरांनी मान हलवली. रस्त्यात कुणी बरोबर उत्तर दिलं की हलवत तशी.

"आय ऑल्सो न्यू," ते म्हणाले.

"केव्हापासून?" मी मराठीत विचारलं. इंग्रजी सुचेना.

"फर्स्ट डे. यू कम टू हाउस. यू से, नॉट नो. युवर फेस..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. त्यांनी आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवला, वरून खाली, आणि सोडून दिलं.

म्हणजे ती दोन वर्षं, रोज संध्याकाळी व्हरांड्यात माझ्यासमोर बसताना, त्यांना माहीत होतं. वही माझ्यापुढे ठेवली तेव्हा माहीत होतं. मी त्यांना चुका करा असं सांगत होते, तेव्हाही.

मला रडू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात त्यांची बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली, माझ्याकडे पाहून दचकली आणि म्हणाली, "मघापासून काय बोलून राहिले जी तुम्ही? मले एक शब्द नाही समजून राहिला. बाई काहून रडून राहिल्या?"

सरांनी तिच्या हातातून कप घेतला, माझ्यापुढे केला, आणि तिला म्हणाले, "काही नाही. सराव करून राहिलो."